सहा वर्षे अडलेली माती

एका राजाने एका माणसाला आर्चबिशप म्हणून स्वीकारायला नकार दिला आणि त्यापायी सबंध देशातल्या मृतांना सहा वर्षे चर्चच्या आवारातली माती मिळाली नाही. ही गोष्ट इंग्लंडमधली, १२०८ ते १२१४ या काळातली. मध्ययुगीन युरोपात धर्मसत्ता वरचढ होती की राजसत्ता, असा वाद निघाला की ठरलेली उदाहरणे पुढे येतात. १०७७ च्या जानेवारीत पोपची क्षमा मागण्यासाठी इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर थंडीत ताटकळलेला जर्मनीचा राजा चौथा हेन्री, किंवा ११७० साली कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्येच राजाच्या सरदारांकडून कापला गेलेला आर्चबिशप थॉमस बेकेट. दोन्ही उदाहरणे मोलाची आहेत, पण दोन्हींत आपली नजर दोन बलाढ्य पुरुषांवर खिळून राहते. त्यांच्या भांडणाचा भुर्दंड कोणी भरला, हा प्रश्न त्या वादात सहसा निघत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून ही पोस्ट.

प्रकरणाची सुरुवात एका मृत्यूने झाली. १२०५ च्या जुलैमध्ये कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर वारला. हा माणूस इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख तर होताच, शिवाय राजाचा चॅन्सेलर, म्हणजे राजाच्या कारभाराचा आणि कागदपत्रांचा मुख्य अधिकारीही होता. कँटरबरीच्या गादीवर कोण बसतो, याची चिंता इंग्लंडच्या जॉन राजाला का लागली असेल ते यावरून कळते. ती गादी म्हणजे अफाट जमिनी, त्यांवरचे सरदार आणि राजदरबारातला पहिल्या मानाचा आवाज होता. कँटरबरीच्या मठातल्या भिक्षूंनी गुपचूप आपल्यातल्याच रेजिनाल्डला निवडले, राजाने दबाव आणून नॉरिचचा बिशप जॉन डी ग्रे याला निवडायला लावले, आणि रोममध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने दोन्ही निवडी रद्द करून तिथे आलेल्या भिक्षूंकडून स्टीफन लँग्टनची निवड करवून घेतली. लँग्टन जन्माने इंग्रज, पण पॅरिसमध्ये नाव कमावलेला धर्मशास्त्राचा पंडित. १२०७ च्या जूनमध्ये खुद्द पोपने त्याला दीक्षा दिली आणि जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू देणार नाही असे जाहीर करून कँटरबरीच्या भिक्षूंनाही हाकलून लावले.

यानंतर पोपने जे हत्यार उपसले त्याचे नाव इंटरडिक्ट. त्याला मराठीत धर्मकार्यबंदी म्हणता येईल, पण त्या शब्दाने त्याची धार कळत नाही. माझ्या आजीच्या बोलण्यात तिच्या लहानपणी वाळीत टाकलेल्या एका घराची आठवण यायची. त्या घरातला कर्ता माणूस गेला तेव्हा खांदा द्यायला गावातले कोणी आले नाही, म्हणून त्याच्या मुलांनीच त्याला बैलगाडीतून नेले. ही आठवण सांगताना आजी दर वेळी आवाज खाली आणायची. इंटरडिक्टबद्दल वाचताना मला आधी ती बैलगाडी आठवली. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की गावाने निदान ज्याला दोषी धरले त्याच्याच घराला वाळीत टाकले होते. इथे दोष राजाचा धरला गेला आणि वाळीत पडली ती प्रजा.

२३ मार्च १२०८ रोजी बंदी जाहीर झाली. चर्चमधली सार्वजनिक उपासना थांबली, मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य विधी, थांबला, घंटा मुक्या झाल्या. आज आपल्याला घंटा म्हणजे आवाजापुरती वाटते, पण त्या काळच्या खेड्यात घड्याळ नव्हते. दिवसाचे प्रहर, सण, लग्न, मरण, आगीचा इशारा हे सगळे घंटेवरूनच कळायचे. दोन गोष्टींना तेवढी मुभा राहिली: नवजात बाळाचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचे पापनिवेदन. म्हणजे पाद्री मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याची पापे ऐकून घेऊ शकत होता, पण जीव गेल्यावर त्याच माणसाला चर्चच्या आवारात पुरायला मनाई होती. आवाराची भिंत चार पावलांवर, भिंतीपलीकडे त्याचा बाप आणि आजा, आणि त्याला मात्र भिंतीबाहेर. सेंट ऑल्बन्सच्या मठातला बखरकार वेंडोव्हरचा रॉजर लिहितो की प्रेते गावाबाहेर नेऊन, प्रार्थनेविना आणि पाद्र्याविना, रस्त्याकडेला आणि चरांमध्ये कुत्र्यांसारखी पुरली गेली. रॉजरने हे काही वर्षांनंतर लिहिले आणि जॉनविषयी त्याच्या मनात रागच होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द जपून घ्यावा लागतो. पण पवित्र भूमीत दफन बंद होते, हे त्या बंदीचे सर्वांना ठाऊक असलेले कलमच होते.

या शिक्षेचे वजन समजायचे तर तेव्हाच्या माणसाच्या श्रद्धेत शिरावे लागते. पवित्र मातीत निजलेला देह शेवटच्या न्यायाच्या दिवशी आपल्या माणसांसोबत उठेल, अशी त्याची धारणा होती. आवारात पुरलेल्यांसाठी गाव प्रार्थना करत राही, आणि त्या प्रार्थनेने शुद्धिस्थानातल्या, म्हणजे मेल्यावर पापे फेडण्याच्या जागेतल्या, जिवाचे भोग हलके होतात, हेही तो मानत होता. म्हणून आईला चरात पुरून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात केवळ अपमान नव्हता. आपण तिला परलोकात एकटी टाकून आलो, ही भीती होती. इंटरडिक्टची सगळी ताकद या भीतीत होती. ज्याची श्रद्धा जितकी खोल, त्याला ही शिक्षा तितकी लागणार, आणि ज्याला श्रद्धेशी फारसे देणेघेणे नाही, त्याच्या अंगाला ती चाटूनही जाणार नाही. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. धर्माने आपल्या सर्वांत निष्ठावान माणसांच्या निष्ठेलाच ओलीस धरले, तेही ज्या वादाचे नाव त्यांनी ऐकले नसेल अशा वादासाठी.

पोपच्या बाजूचे तर्कशास्त्र होते. राजा हे मस्तक, प्रजा हे शरीर. मस्तकाने पाप केले तर शरीर त्यातून सुटत नाही. शिवाय त्रासलेली प्रजा राजावर दबाव आणेल. हेच हत्यार इनोसंटने १२०० साली फ्रान्सवर चालवले होते. तिथल्या फिलिप राजाने डेन्मार्कच्या इंगेबोर्गशी ११९३ साली लग्न करून दुसऱ्याच दिवशी तिला टाकले आणि पुढे दुसरी केली. फ्रान्समध्ये काही महिन्यांतच फिलिपने नमते घेतले आणि बंदी उठली. पण राणी म्हणून इंगेबोर्गची खरी सुटका झाली ती १२१३ मध्ये. एका अन्याय झालेल्या स्त्रीच्या नावाने देशभरची उपासना बंद केली, राजाकडून शब्द मिळताच ती उघडली, आणि ती स्त्री मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे कैदेतच. हे वाचले की कोणाच्या हितासाठी काय चालले होते, याविषयी मला फारसा संशय उरत नाही.

इंग्लंडमध्ये तर राजा हललाही नाही, उलट श्रीमंत झाला. पाद्री आपले काम करत नाहीत, तर त्या कामासाठी दिलेल्या जमिनी आणि उत्पन्न त्यांच्याकडे कशाला, असा सवाल करून जॉनने चर्चची मालमत्ता जप्त केली. दशमांश म्हणून शेतकऱ्यांनी दिलेले धान्य ज्या कोठारांत होते, त्यांवर राजाचे पहारे बसले. पुष्कळ मठांनी आणि पाद्र्यांनी पैसे भरून आपली मिळकत परत सोडवून घेतली. जे बिशप परदेशी पळाले त्यांच्या जमिनींचे उत्पन्न वर्षानुवर्षे राजाच्या तिजोरीत पडत राहिले.

त्यातही एक गोष्ट मला विसरता येत नाही. चर्चच्या नियमाप्रमाणे पाद्र्याला लग्न करता येत नव्हते. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने अशी लग्ने अवैधच ठरवली होती. प्रत्यक्षात खेडोपाडी पुष्कळ पाद्र्यांच्या घरी स्त्री होती, मुले होती, संसार होता, आणि गावाला त्यात वावगे वाटत नव्हते. जॉनने या स्त्रियांना पकडायला लावले आणि पाद्र्यांकडून दंड घेऊन सोडले. रोमने नियम केला, राजाने त्या नियमावर पैसा केला, आणि दोघांच्या मधे उचलल्या गेल्या त्या बायका, ज्यांना ना चर्च बायको मानत होते ना राजा. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकमेकींशी लढत होत्या असे आपण म्हणतो तेव्हा या घरांतून पाहावे. तिथून दोन्ही सत्ता एकाच दारातून आत आलेल्या दिसतात.

१२०९ च्या नोव्हेंबरमध्ये जॉनला वैयक्तिकरीत्या बहिष्कृत केले गेले. तरीही विंचेस्टरचा बिशप पीटर त्याच्या बाजूनेच राहिला, कारभार चालू राहिला, आयर्लंड आणि वेल्सवर मोहिमा निघाल्या. मग तो वाकला कशाने? १२१२ मध्ये सरदारांनी त्याच्या जिवावर उठण्याचा कट केला आणि १२१३ च्या वसंतात फ्रान्सचा फिलिप मोठे आरमार जमवून इंग्लंडवर चालून येण्याच्या तयारीला लागला. तेव्हा जॉनने पोपचा दूत पँडल्फ याच्यासमोर १५ मे १२१३ रोजी डोव्हरजवळ इंग्लंड आणि आयर्लंड ही राज्ये पोपला अर्पण केली आणि त्याचा मांडलिक म्हणून ती परत घेतली. वार्षिक खंडणी १००० मार्क (मार्क हे तेव्हाचे पैशाचे माप) ठरली, ७०० इंग्लंडचे आणि ३०० आयर्लंडचे. पाच वर्षे मृतांची विटंबना होत होती तेव्हा जो हलला नाही, तो फ्रेंच शिडे दिसताच हलला.

या सगळ्यात सामान्य माणसाचा म्हणून एक आवाज आपल्यापर्यंत नावानिशी पोहोचला आहे, तो यॉर्कशरमधल्या पीटर नावाच्या साध्याभोळ्या बैराग्याचा. येत्या येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत जॉन राजा राहणार नाही, असे तो १२१२ मध्ये सांगत फिरला आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. राजाने त्याला कॉर्फच्या किल्ल्यात डांबले. २३ मे १२१३ रोजी सण आला आणि गेला, राजा राजाच राहिला. मग पीटरला घोड्यामागे बांधून वेअरहॅमपर्यंत फरफटत नेले आणि फासावर चढवले, आणि त्याच्यासोबत त्याच्या मुलालाही. लोक मात्र कुजबुजत राहिले की म्हातारा खोटे बोलला नव्हता. आठवडाभर आधीच मुकुट पोपच्या दूताच्या हाती गेला होता, मग राजा उरलाच कुठे? या कुजबुजीत मला त्या प्रजेची समज दिसते. पोपने मात्र, ज्याच्या राज्यात हे घडले त्या नव्या मांडलिकाला जवळ केले.

आणि जवळ किती केले, ते दोन वर्षांत दिसले. १५ जून १२१५ ला रनीमीडच्या कुरणात सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाची सत्ता बांधणारा करार, करवून घेतला, त्यात मध्यस्थ म्हणून लँग्टनचा मोठा वाटा होता आणि पहिलेच कलम इंग्लंडच्या चर्चच्या स्वातंत्र्याचे होते. तोच करार इनोसंटने २४ ऑगस्टला रद्दबातल ठरवला, कारण तो त्याच्या मांडलिकाकडून बळजबरीने घेतला होता. सरदारांना बहिष्कृत करण्याचा पोपचा हुकूम अमलात आणायला लँग्टनने नकार दिला तेव्हा त्यालाच पदावरून निलंबित केले गेले. ज्या माणसासाठी एका देशाचे मृत सहा वर्षे भिंतीबाहेर पुरले गेले, त्या माणसाला पोपने इतक्या सहज बाजूला सारले, हे वाचताना मला खरोखर राग येतो. लँग्टनविषयी मात्र आदर वाटतो. सगळे चर्च एकाच मापाने मोजू नये, हे मला त्याच्याकडे पाहून पटते. राजाला कायद्याने बांधता येते हा विचार धर्मशास्त्राच्या वर्गातूनही रनीमीडला पोहोचला होता. पुढे १२२५ मध्ये मॅग्ना कार्टाची सनद पुन्हा जारी झाली तेव्हा ती मोडणाऱ्यांवर बहिष्काराची शिक्षा त्यानेच जाहीर केली. तेव्हा ती मोडणाऱ्यावर होती, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर नव्हती.

मला पुन्हा १२१४ च्या जुलैकडे जायचे आहे. बंदी उठण्याआधी पैशांचा हिशेब झाला होता. चर्चच्या नुकसानीपोटी राजाने एक लाख मार्क द्यायचे ठरले, त्यांतला काही भाग आधी आणि उरलेला हप्त्यांनी. ती रक्कम पूर्ण कधीच फिटली नाही. २ जुलैला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पोपचा प्रतिनिधी निकोलस याने बंदी उठवली. बखरकार रॉजर सांगतो की त्यानंतर त्याच्याकडे लोकांची रीघ लागली. मठाधिपती, जोगिणी, पाद्री आणि साधे गृहस्थही आले. राजाच्या माणसांनी आम्हाला मारले, लुटले, आमची भरपाई कोण देणार, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिनिधीने उत्तर दिले की पोपच्या पत्रात तुमचा उल्लेख नाही आणि पत्राबाहेर मला जाता येत नाही. तुमची तक्रार असेल तर पोपकडे करा. रोम तिथून कित्येक आठवड्यांच्या वाटेवर होते. बखरकार लिहितो की ते लोक आपापल्या घरी परत गेले.