बॉब हार्डिस्टी युनायटेडच्या मुख्य संघात खेळलाच नव्हता

६ फेब्रुवारी जवळ आला की फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते. मजकूर साधारण असा: 'म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा अख्खा संघ गेला. मैदानात उतरवायला अकरा माणसं नव्हती. तेव्हा बिशप ऑकलंड नावाच्या खेड्यातले तीन अनोळखी हौशी खेळाडू धावून आले. त्यात ३७ वर्षांचा बॉब हार्डिस्टी होता. एक पैसा न घेता ते खेळले आणि युनायटेडला एफए कपच्या फायनलला घेऊन गेले. त्यांच्यातला एक शाळामास्तर तर हौशी असूनच पुढे इंग्लंडकडून खेळला.' खाली हात जोडलेले इमोजी.

मीही एकदा ही पोस्ट पुढे ढकलली आहे, त्यामुळे बोलायचा हक्क मला आहे असं समजा.

अख्ख्या संघापासून सुरुवात करू. १९५८च्या त्या अपघातात २३ माणसं गेली, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स १५ दिवस झुंजून गेला. जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लॉवर वाचले, पण पुन्हा कधी खेळले नाहीत. हानी भयंकर होती, पण क्लबकडे माणसंच उरली नव्हती असं नाही. १९ फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपचा, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या मोठ्या स्पर्धेचा, सामना झाला, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या नावांच्या जागा कोऱ्या होत्या हे खरं. संघ कोणता उतरणार हे छापतेवेळी ठरलंच नव्हतं. पण उतरले कोण? अपघातातून वाचलेले ग्रेग आणि फॉक्स, क्लबच्याच रिझर्व्ह (म्हणजे दुसऱ्या फळीच्या) आणि युवा संघांतली पोरं, ब्लॅकपूलहून विकत घेतलेला अर्नी टेलर, आणि सामन्याच्या जेमतेम तासभर आधी करार झालेला स्टॅन क्राउदर. हा क्राउदर त्याच मोसमात अॅस्टन व्हिलाकडून कपमध्ये खेळून चुकला होता, तरी त्याला खास परवानगी मिळाली. सामना ३-० असा जिंकला. दोन गोल पहिलाच सामना खेळणाऱ्या शे ब्रेननचे, तिसरा अॅलेक्स डॉसनचा. डॉसनला १८ पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते.

या यादीत हार्डिस्टी नाही. ३ मे रोजी बोल्टनविरुद्धची फायनल युनायटेड ०-२ अशी हरलं, त्या अकरांतही तो नाही, डेरेक लेविन नाही, वॉरेन ब्रॅडली नाही. हे तिघे गेले ते रिझर्व्ह संघात. रिझर्व्हमधली पोरं सहायक मॅनेजर जिमी मर्फीने एकदम वर ओढली, म्हणून खालचा संघ रिकामा झाला होता आणि त्याचेही सामने ठरलेले होते. भोक तिथे पडलं होतं, ठिगळ तिथे लावलं. व्यावसायिक खेळाडू घ्यायचा तर त्याच्या क्लबला पैसे मोजावे लागत. हौशी खेळाडू तसा बांधलेला नसे, त्याला नुसतं विचारता येई. आणि त्यांनी युनायटेडला 'वाचवलं' म्हणावं, तर अपघातानंतर उरलेल्या १४ लीग सामन्यांत क्लबने एकच जिंकला.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो 'अनोळखी' हा शब्द. बिशप ऑकलंड हे डरहॅम परगण्यातल्या कोळसापट्ट्यातलं गाव. त्याच्या क्लबने १९५५, ५६ आणि ५७ असा सलग तीन वर्षं अॅमेच्युअर कप, म्हणजे हौशी क्लबांचा कप, जिंकला होता, तिन्ही वेळा हार्डिस्टीसह. हा कप म्हणजे आपल्याकडच्या गल्लीतली ट्रॉफी नव्हे. १९५१ मध्ये याच क्लबची ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पेगससशी फायनल झाली, तेव्हा वेम्ब्लीत एक लाख माणूस होतं. टक्कल पडलेला हाफबॅक हार्डिस्टी त्या जगात लांबूनही ओळखू येई.

शिवाय तो तीन ऑलिंपिकच्या ब्रिटिश संघांत होता: १९४८, १९५२, १९५६. पहिल्या खेपेला संघाचा मॅनेजर होता मॅट बस्बी. तोच बस्बी, युनायटेडचा मॅनेजर, जो १९५८च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या हॉस्पिटलात मरणाच्या दारात पडला होता. म्हणजे हार्डिस्टी वाऱ्यावरून उडत आलेला कोणी नव्हता, साहेबांचा दहा वर्षांपूर्वीचा माणूस होता.

१९४८ची एक गोष्ट आपल्याही कामाची. ३१ जुलैला लंडनजवळच्या इलफर्डला भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला, दोन पेनल्टी फुकट घालवून. पुढच्या फेरीत त्याच फ्रान्सला ब्रिटनने १-० असं घरी धाडलं. तो एकमेव गोल हार्डिस्टीचा. अनवाणी खेळलेल्या त्या भारतीय संघाच्या कथा सांगताना आपण इलफर्डलाच थांबतो, म्हणून हे नाव आपल्या कानावर येत नाही, एवढंच.

पैशाचं थोडक्यात. हौशी म्हणजे पगार नाही, खर्चापुरते पैसे मिळत. त्या काळात इंग्लंडमध्ये 'बूट मनी'ची कुजबुज कायम असे: सामना संपला की बुटात गुपचूप सापडणारी नोट. म्हणून 'एक पैसा न घेता' असं छातीठोकपणे कोणाबद्दल लिहू नये. १९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला.

राहिला शाळामास्तर. वॉरेन ब्रॅडली खरंच शिक्षक होता आणि तिघांपैकी मुख्य संघापर्यंत पोचलेला तो एकटाच. पण नोव्हेंबर १९५८ मध्ये, शाळेतली नोकरी न सोडता, त्याने अर्धवेळ व्यावसायिक म्हणून करार केला आणि मगच तो युनायटेडकडून लीगमध्ये उतरला. १९५९च्या मे महिन्यात वेम्ब्लीला इटलीविरुद्ध इंग्लंडचा शर्ट घातला आणि गोलही केला, तेव्हा तो हौशी उरला नव्हता. इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळलेला शेवटचा हौशी खेळाडू बर्नार्ड जॉय, १९३६ मध्ये, बेल्जियमविरुद्ध.

पोस्टमधलं हार्डिस्टीचं वय तेवढं बरोबर आहे. १ फेब्रुवारीला त्याला ३७ पूर्ण झाली होती, अपघाताच्या पाच दिवस आधी.