410 साली ब्रिटनमधून नेमके कोण गेले?

समाजमाध्यमांवर रोमन ब्रिटनविषयी एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा सारांश असा की, इटलीहून आलेल्या रोमनांनी तेथे व्हिला नावाचे महाल बांधले, इ.स. 410 मध्ये सम्राटाचा हुकूम येताच ते सारे मायदेशी परतले, आणि मागून आलेल्या सॅक्सन टोळ्यांनी ते महाल जाळून टाकले. यातील प्रत्येक विधान सारख्याच प्रमाणात चुकीचे नाही. परंतु ती एकत्र गुंफल्यावर उभे राहणारे चित्र उत्खननांशी जुळत नाही.

व्हिलांचे मालक इटालियन होते, हे पहिले गृहीतक. रोमन सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने इ.स. 43 मध्ये बेट जिंकायला सुरुवात केली, तेव्हा अनेक स्थानिक सरदारांनी लढण्याऐवजी रोमशी जुळवून घेतले. दक्षिण इंग्लंडमधील चिचेस्टरजवळ फिशबोर्न येथे 1960 मध्ये जलवाहिनीसाठी चर खणताना जो प्रचंड प्रासाद सापडला, तो अशाच एका स्थानिक राजाचा, टोगिडुब्नसचा, असावा असे अनेक अभ्यासक मानतात. चिचेस्टरच्या शिलालेखात या राजाने आपल्या नावाआधी सम्राटाचे नाव लावलेले आहे. पुढे 212 मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व मिळाले, म्हणजे कायद्याने ब्रिटनचा शेतकरीही रोमनच झाला. बाहेरून आलेले लोक होते, नाही असे नाही, पण तेही बहुधा इटलीचे नव्हते. उत्तर इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथील एक थडगे सीरियातील पाल्मिराच्या बराटेस याने आपल्या पत्नीसाठी उभारले. ती रेगिना, ब्रिटनमधल्याच कातुवेल्लाउनी जमातीची, आधी त्याची दासी आणि मग मुक्त केलेली स्त्री. लॅटिन मजकुराखाली त्याने आपल्या मातृभाषेत एक ओळ कोरवून घेतली आहे. या घराने 410 मध्ये ‘मायदेशी’ जायचे म्हणजे कोठे जायचे?

‘महाल’ हे वर्णनही फिशबोर्नसारख्या मोजक्या वास्तूंनाच शोभते. बहुतेक व्हिला म्हणजे जमीनजुमला सांभाळणाऱ्या कुटुंबाची शेतावरची घरे होती, आणि प्रांतातील बहुसंख्य ग्रामीण जनता तर अशा घरांतही राहत नव्हती.

आता त्या हुकुमाकडे वळू. सम्राट होनोरियसने नगरांना ‘आपले रक्षण आपणच करा’ असे कळवल्याचा उल्लेख झोसिमस या ग्रीक इतिहासकाराने जवळपास शतकभराने केला आहे, तोही इटलीतील घडामोडी सांगता सांगता. त्यामुळे तो ब्रिटनविषयी नसून इटलीतल्या ब्रुट्टियम प्रदेशाविषयी असावा, अशी शंका काही अभ्यासक घेतात. उल्लेख ब्रिटनचाच मानला तरी त्यात परत या असे कोणालाही सांगितलेले नाही. फौजेचा मोठा भाग त्याआधीच, 407 मध्ये, स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या तिसऱ्या कॉन्स्टंटाइनने गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, नेला होता. गेली ती फौज, आणि तिच्याबरोबर गेला तिचा पगार. साधारण 402 नंतर नव्या नाण्यांचा पुरवठा जवळजवळ थांबला. कर, पगार आणि बाजारपेठ यांच्या आधारावर जगणारे कुंभार, कौले बनवणारे आणि मोझेक, म्हणजे रंगीत तुकड्यांची नक्षीदार फरशी, बसवणारे कारागीर यांचा धंदा मग हळूहळू बसत गेला.

आगीचा मुद्दा सर्वांत आकर्षक, म्हणून तो जरा बारकाईने पाहू. फिशबोर्न खरोखरच आगीत नष्ट झाले, पण ते सुमारे 270 मध्ये, म्हणजे 410 च्या बऱ्याच आधी. केंटमधील लुलिंगस्टोनचा व्हिला पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जळाला. मात्र ती आग कोणी लावली की चुलीतून लागली, हे राख सांगत नाही. रटलँडमध्ये 2020 साली उजेडात आलेल्या, ग्रीक महाकाव्यातील अकिलीस आणि हेक्टर यांचे युद्ध दाखवणाऱ्या मोझेकवरही जळल्याचे डाग आहेत. तेथील संशोधक त्यांचा संबंध लुटालुटीशी जोडत नाहीत, तर इमारतीच्या नंतरच्या, वेगळ्या वापराशी जोडतात.

ग्लॉस्टरशरमधील चेडवर्थ व्हिलाचा पुरावा तर या दाव्याला थेट छेद देतो. तेथे एका खोलीचे विभाजन करणारी भिंत आणि तिला भिडलेली मोझेक फरशी मिळाली. भिंतीच्या पायाच्या चरातील कोळसा व हाडे यांच्या रेडिओकार्बन चाचणीतून, म्हणजे अवशेषांचे वय ठरवणाऱ्या चाचणीतून, ती भिंत आणि अर्थातच तिला भिडलेली फरशीही 424 पूर्वीची असू शकत नाही, असे 2020 मध्ये जाहीर झाले. साम्राज्य ‘निघून गेल्यावर’ही तेथे कोणीतरी घर दुरुस्त करून नवी फरशी घालत होते. तिच्या नक्षीत चुका आहेत आणि काम चौथ्या शतकातल्यापेक्षा कच्चे आहे. कसब ओसरत चालले होते, पण थांबलेले नव्हते.

मग इतकी वर्षे हे कसे निसटले? थरांचा काळ बहुधा नाण्यांवरून ठरवला जात असे. नवी नाणीच येत नसल्यामुळे शेवटचा थर आपोआप 400 च्या आसपासचा ठरे, मग त्यावर लोक आणखी कितीही वर्षे राहिलेले असोत. शिवाय एकोणिसाव्या शतकातील उत्खननकर्त्यांचे लक्ष सुंदर फरश्यांवर असल्याने, त्यांच्यावर साचलेली माती, चुलींच्या खुणांसह, अनेक ठिकाणी नोंद न करताच उपसून टाकली गेली.