सुवर्णदुर्ग यादीत गेला, समोरच्या घरांचं काय?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात हर्णैसमोरच्या समुद्रातला आमचा सुवर्णदुर्गही आहे. त्या रात्री घराण्याच्या ग्रुपवर नुसता जल्लोष होता. आठवडाभराने त्याच ग्रुपवर चुलतभावाने दापोलीजवळच्या मुरूडच्या आमच्या घराचा फोटो टाकला. पडवी एका बाजूने खचलेली, कौलांवर शेवाळ. खाली लिहिलं होतं, "ताई, दिवाळीनंतर पाडायला घेऊ या. वाशांना वाळवी लागलीय. स्लॅबचं बांधू, वर दोन खोल्या पर्यटकांना देऊ."

मी राहते स्कॉटलंडमध्ये, फाइफच्या किनाऱ्यावर, सेंट मोनन्स नावाच्या मच्छीमारांच्या गावात. इथल्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं, जुनं नाव अ‍ॅबरक्रॉम्बी. मागे शेतं, पुढे समुद्र. राजा दुसरा डेव्हिड याने 1360 च्या दशकात बांधून घेतलेलं चर्च पाण्याला इतकं लागून आहे की वारा चढला की तुषार आवाराच्या भिंतीवर येतात. आत एक छोटं शिडाचं जहाज टांगलेलं आहे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हर्णै बंदर आठवलं आणि गळा दाटून आला. गावाच्या पूर्वेला एक पवनचक्की आहे. 1770 च्या दशकात ती मिठागरासाठी समुद्राचं पाणी वर खेचायची, आणि जवळच्या खाणीतल्या कोळशावर ते उकळून मीठ काढायचे.

पण मी लिहायला बसले ती चर्चसाठी किंवा पवनचक्कीसाठी नव्हे, बंदरालगतच्या साध्या घरांसाठी. खाली जाळी आणि दोर ठेवायची जागा, बाहेरून दगडी जिना, वर राहायचं. त्रिकोणी भिंतींच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, छपरावर लाल वळणदार कौलं. कोणा राजाने ती बांधली नाहीत. तरीही त्यांतली कितीतरी कायद्याने संरक्षित आहेत. स्कॉटलंडमध्ये अशा संरक्षित इमारतींच्या सुमारे 47 हजार नोंदी आहेत, ए, बी आणि सी अशा तीन वर्गांत. सी म्हणजे एखाद्या काळाचा, शैलीचा किंवा प्रकारचा नमुना असलेली इमारत. मी राहते ते घर सी वर्गातलं. आपल्या प्रकारच्या घरांचा ते एक चांगला नमुना आहे, एवढं कारण कायद्याला पुरतं.

ही घरं आपसूक टिकली असं मात्र कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांना राहायला अयोग्य ठरवून पाडणं चालूच होतं. 1960 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने छोट्या घरांसाठी एक फिरता निधी उभा केला. पडकं घर विकत घ्यायचं, नीट दुरुस्त करायचं, विकायचं, आलेल्या पैशांतून पुढचं घर घ्यायचं. विकताना खरेदीखतातच अट असायची की बाहेरचं रूप बदलायचं नाही. घरं संग्रहालयं झाली नाहीत, त्यांत माणसं राहायला आली. मला या सगळ्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, वारसा म्हटलं की इथे लोकांना शंभर मीटरच आठवतात." त्याचं चूक नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. 2010 च्या दुरुस्तीने हे पक्कं केलं. अशा वर्तुळात ज्याचं घर येतं, त्याला किल्ल्याचा अभिमान असला तरी शौचालय बांधताना धडकी भरते. स्कॉटलंडमध्ये असं ठरावीक वर्तुळ नाही. चर्चशेजारी काही बांधायचं असेल तर त्या चर्चच्या परिसराला काय बाधा येईल, ते प्रत्येक अर्जागणिक पाहतात. वेळ जातो, पण दार बंद होत नाही.

मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. 2012 मध्ये यादी वाढवायचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. पुनर्विकास अडकेल आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच गळ्यात येईल, ही त्यांची भीती होती. त्यांना वारशाचे शत्रू ठरवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. मालकाला हात न देता त्याच्या घरावर शिक्का मारणं हा अन्याय आहे, आणि तो इथेही होतो. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर 20 टक्के. आमच्या खिडक्या बदलायची परवानगी यायला हिवाळा सरला. मुलं थंडीने खोकत होती आणि मी नकाशे, फोटो, लाकडाचे तपशील पुन्हा पुन्हा पाठवत होते. तेव्हा मी रडलेही आहे.

तरी या घराने मला एक शिकवलं. स्वयंपाकघराची भिंत सतत ओली असायची. आधीच्या मालकाने दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं. वालुकाश्मात शिरलेला ओलावा बाहेर पडायला वाटच उरली नव्हती, म्हणून दगडाचा पापुद्रा सुटत होता. गवंड्याने सिमेंट खरवडून चुना भरला. पुढच्या वर्षी भिंत कोरडी झाली. मला लगेच मुरूडची माजघराची भिंत आठवली. चिरा पाणी पितो आणि सोडतो, म्हणून आपल्याकडे माती आणि चुना होता. आम्ही वीस वर्षांपूर्वी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, तेव्हापासून पावसाळ्यात ती भिंत फुगते. आम्ही म्हणत राहिलो, जुनं घर कुजतंय. आम्हीच त्याचा श्वास कोंडला होता.

छपराचंही तसंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडची कौलं उडाली, आणि कितीतरी घरांवर कायमचे पत्रे आले. त्या दिवसांत कौलं चढवायला माणूस मिळेना, पत्रा लगेच मिळत होता. त्यासाठी कोणाला दोष देऊ? वासे-रिपा जाणणारा सुतार आणि चुना मळणारा गवंडी गावात उरला नाही, तर कागदावरचं संरक्षण काय कामाचं?

आणखी एक गोष्ट मला छळते. जानेवारीत संध्याकाळी चारला इथे अंधार पडतो. मी बंदरावरून चालते तेव्हा सुंदर दुरुस्त केलेल्या घरांच्या ओळीत मधूनमधून खिडक्या काळ्या असतात. मालक शहरात, उन्हाळ्यात येणार. एप्रिल 2024 पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावायची मुभा इथल्या कौन्सिलांना मिळाली आहे. कोकणात हे चित्र आपण केव्हापासून पाहतोय? गणपतीत दारं उघडतात, शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. भिंत वाचली आणि चूल विझली, तर मी तिला वाचलेलं घर म्हणणार नाही. म्हणून भावाच्या दोन खोल्यांना माझा विरोध नाही. पर्यटकांच्या पैशाने तो बारा महिने तिथे राहणार असेल, तर तेच त्या घराचं संरक्षण.

मला वाटतं, पंचायतींनी गावातल्या साध्या घरांची यादी करावी, ओटी-पडवीची, खोताचीही आणि कोळ्याचीही. त्या यादीतल्या मालकाला घरपट्टीत सूट आणि छपरासाठी बिनव्याजी पैसा मिळावा. सातबाऱ्यावर सतरा नावं असलेल्या आमच्यासारख्या घरांचा गुंता त्यानेही सुटणार नाही, तो आम्हा भावाबहिणींनाच बसून सोडवावा लागेल.

मी भावाला लिहिलं आहे. माझा हिस्सा त्याने राहायला घ्यावा. छपराचा अर्धा खर्च मी देते. वाळवी लागलेले वासे बदलू, पुढचं घर तसंच ठेवू, खोल्या मागच्या अंगणात बांधू. गिलावा आधी काढू. काल त्याचा निरोप आला, आसूदला एक म्हातारा सुतार आहे, तो रविवारी घर बघून जाणार आहे.