गप्प बसलेला हॅमस्टर माणसाळलेला नसतो

‘नवा हॅमस्टर तीन दिवसांत माणसाळवा’ अशा मथळ्याचा एक मजकूर हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी पाळणाऱ्यांमध्ये बऱ्याच काळापासून हातोहात फिरतो आहे. त्यातील सूचना थोडक्यात अशा आहेत: घरी आणल्या दिवसापासून त्याला वारंवार हातात घ्यावे, म्हणजे आपल्या वासाची सवय होते, सुरुवातीला पिंजरा लहान ठेवावा आणि लपायला जागा देऊ नये, म्हणजे तो माणसाला बुजत नाही, दिवसा उठवत राहावे, म्हणजे त्याची झोप आपल्या वेळेशी जुळते, एकटेपणा वाटू नये म्हणून जोडीदार आणावा, पिंजरा रोज पूर्ण धुऊन काढावा आणि हॅमस्टरलाही अंघोळ घालावी, आणि तो चावलाच, तर हात मागे न घेता त्याच्या तोंडावर फुंकर मारावी. या सहाही सूचना चुकीच्या आहेत आणि त्यांपैकी काही तर त्या जिवाच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून प्रत्येकीचा वेगळा विचार करणे मला आवश्यक वाटते.

हा मजकूर इतका पसरण्याचे कारण असे की तो वरवर पाहता खरा ठरतो. सांगितल्याप्रमाणे केले, तर तीन-चार दिवसांनी हॅमस्टर खरोखरच तळहातावर निमूट बसून राहतो. माझा पहिला हॅमस्टर असाच बसत असे आणि त्याला माझा लळा लागला आहे असे मी मनापासून समजत होतो. हॅमस्टर हा शिकार होणारा प्राणी आहे, आणि पळायला वाट उरली नाही की असा प्राणी थिजतो, हे मला नंतर कळले. कान मागे चपटे झालेले, अंग खाली दाबलेले, डोळे ताठ उघडे आणि नाकाची एरवी अखंड चालणारी हालचाल थांबलेली, ही त्या थिजण्याची लक्षणे आहेत. निर्धास्त हॅमस्टर मात्र हातावर स्थिर राहत नाही; तो हुंगतो, बाहीत शिरू पाहतो, मध्येच थांबून पंजांनी तोंड पुसतो, दाणा दिला तर गालाच्या पिशवीत भरून चालू लागतो. त्या मजकुरातील बहुतेक सूचनांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: प्रतिकार थांबला म्हणजे विश्वास बसला, असे त्यात धरून चालले आहे.

पहिल्या सूचनेत अर्धे सत्य आहे. हॅमस्टरची नजर अधू असते आणि तो भोवतालचे जग मुख्यतः नाकाने ओळखतो, त्यामुळे आपला वास त्याच्या परिचयाचा व्हायला हवा, हे बरोबर आहे. परंतु वास पोहोचवण्यासाठी त्याला मुठीत धरण्याची गरज नसते. बिनसुवासाचा टिश्यू कागद थोडा वेळ हातात धरून त्याचे तुकडे पिंजऱ्यात ठेवले, तर तो ते स्वतः ओढून नेतो आणि आपल्या घरट्यात अंथरतो. अशा रीतीने आपला वास त्याच्या झोपण्याच्या जागेचा भाग होतो, तोही त्याच्या मर्जीने. याउलट वरून झेपावणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखाच भासणार. ज्याला नुकतेच ओळखीच्या जागेतून उचलले आहे, डब्यात घालून हलवत आणले आहे आणि ज्याच्या भोवतीचा प्रत्येक वास व आवाज नवा आहे, अशा प्राण्यावर पहिल्याच संध्याकाळी आणखी पाच-सहा हातांचा भार टाकणे हा माणसाळवण्याचा मार्ग होऊ शकत नाही.

येथे एका आजाराविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सूचनेचे सर्वांत मोठे नुकसान तेथे होते. सुमारे 3 ते 10 आठवडे वयाच्या सीरियन हॅमस्टरांमध्ये, म्हणजे पाळीव हॅमस्टरांतल्या मोठ्या जातीत, आतड्याला सूज येऊन तीव्र जुलाब होण्याचा आजार आढळतो. शेपटीचा भाग सतत ओला व घाण राहतो म्हणून पाळणारे त्याला ‘वेट टेल’ म्हणतात. लॉसोनिया इंट्रासेल्युलारिस या जिवाणूशी त्याचा संबंध आहे, आणि आईपासून वेगळे होणे, प्रवास, गर्दी, नव्या घरातील ताण अशा गोष्टींनी तो उफाळतो. नेमक्या याच वयात बहुतेक पिल्ले नव्या घरी जातात. हा आजार दोन दिवसांतही प्राण घेऊ शकतो. आजारी हॅमस्टर पाठ वर काढून, डोळे अर्धवट मिटून एका जागी बसतो, हातात घेतले तरी विरोध करत नाही, आणि ‘तीन दिवसांत शांत होईल’ असे वाचलेल्या माणसाला तो शांत झाल्यासारखा वाटतो. मागचा भाग ओला दिसला, खाणे थांबले किंवा तो अशक्त वाटला, तर घरगुती उपाय करून पाहण्यात वेळ न घालवता त्याच दिवशी लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे.

मग पहिले दोन-तीन दिवस करायचे तरी काय? ताजे पाणी, रोजचे खाणे आणि दुरून हळू आवाजात बोलणे, एवढेच. आणताना डब्यात असलेले जुने अंथरूण टाकून न देता नव्या पिंजऱ्यात मिसळावे, आणि खाणे शक्यतो जुनेच चालू ठेवून पुढे हळूहळू बदलावे.

दुसरी सूचना मला सर्वांत अन्यायकारक वाटते. लपण्याची जागा काढून घेतली की हॅमस्टर माणसाला सरावतो, हे म्हणणे त्या प्राण्याच्या स्वभावाच्या अगदी उलट आहे. सीरियन हॅमस्टर मुळात बिळात राहणारा प्राणी आहे. 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पो परिसरात जमीन खोल खणवून एक मादी आणि तिची 11 पिल्ले मिळवली. आज घरोघरी दिसणारे सीरियन हॅमस्टर बहुतांशी त्याच पिल्लांचे वंशज आहेत. बीळ उकरून त्या कुटुंबाला डब्यात ठेवल्यावर मादीने आपल्याच एका पिल्लाला ठार केले, अशी त्या प्रसंगाची नोंद आहे. निवारा हिरावला गेलेली हॅमस्टर मादी कोणत्या थराला जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. पुढे प्राणिशास्त्रज्ञ रॉल्फ गॅटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीरिया व तुर्कस्तानात रानटी हॅमस्टरांची बिळे मोजली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ही बिळे 36 ते 106 सेंटिमीटर खोल होती आणि सरासरी खोली सुमारे 65 सेंटिमीटर होती.

पिंजऱ्यात जन्मलेल्या हॅमस्टरला बिळाची ओढ नसते, असे यावर कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे, पण तिचे उत्तरही उपलब्ध आहे. पिंजऱ्याच्या तळाशी घालतात त्या भुशाची किंवा कागदी लगद्याची, म्हणजे पाळणाऱ्यांच्या भाषेत बेडिंगची, जाडी 10, 40 आणि 80 सेंटिमीटर ठेवून स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सीरियन हॅमस्टरांचे निरीक्षण केले आणि ते 2006 साली प्रसिद्ध झाले. 10 सेंटिमीटर थरावरचे हॅमस्टर पिंजऱ्याच्या गजांना लक्षणीय प्रमाणात अधिक कुरतडत होते; 80 सेंटिमीटर थर मिळालेल्यांमध्ये हे कुरतडणे आढळलेच नाही. लगेच पुढच्या वर्षी 1,800 ते 10,000 चौरस सेंटिमीटर अशा चार आकारांच्या पिंजऱ्यांची तुलना झाली, आणि लहान पिंजऱ्यातले हॅमस्टर अधिक वेळा व अधिक काळ गज कुरतडताना दिसले. गज कुरतडणारा हॅमस्टर ‘बाहेर येऊन आपल्याशी खेळायला मागतो आहे’ असे समजणाऱ्यांनी ही निरीक्षणे अवश्य लक्षात घ्यावीत.

तेव्हा पिंजरा पहिल्या दिवसापासून मोठाच असावा, ‘आधी लहान, मग मोठा’ असे करू नये. कारण ज्या जागेत त्याने नुकतीच वासाने ओळख करून घेतली, ती पुन्हा बदलणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा स्थलांतर करायला लावणे होय. बेडिंगचा थर निदान 25 ते 30 सेंटिमीटर तरी असावा, एका बाजूला त्याहून अधिक दाबून भरावा, म्हणजे खणलेले बोगदे ढासळत नाहीत. लाकडी घर तळ नसलेले असावे, जेणेकरून त्यातूनच खाली खणता येईल. देवदार आणि पाइन यांचा सुवासिक भुसा श्वासमार्गाला त्रासदायक असल्यामुळे वापरू नये, आणि घरट्यासाठी कापसासारखे तंतुमय साहित्य देऊ नये, कारण त्याचे धागे पायांना आवळतात व गालाच्या पिशवीत अडकतात. चाक सीरियन हॅमस्टरसाठी सुमारे 28 ते 30 सेंटिमीटर व्यासाचे आणि सलग पृष्ठभागाचे हवे. पाठीला बाक येऊन धावावे लागत असेल, तर ते चाक लहान आहे.

दिवसा उठवण्याच्या सूचनेबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. दक्षिण तुर्कस्तानातील रानटी मादी हॅमस्टर बिळाबाहेर प्रामुख्याने दिवसा येतात, असे गॅटरमान यांच्याच गटाने 2008 साली दाखवले, आणि ‘हॅमस्टरला दिवसा उठवले तर बिघडले कुठे’ म्हणणारे त्याचा आधार घेऊ शकतात. परंतु त्याच अभ्यासात पाळीव स्थितीतले सीरियन हॅमस्टर रात्री जागे असतात हेही मांडलेले आहे, आणि प्रश्न सूर्याचा नसून झोपेचा आहे. रानात बाहेर कधी यायचे ते हॅमस्टर स्वतः ठरवतो. पिंजऱ्यात गाढ झोपेतून त्याला उपसून काढणारा हात ते ठरवतो, तेव्हा तो दचकतो आणि चावतो. ओळख वाढवायची वेळ त्याने आपणहून बाहेर येण्याची, म्हणजे बहुधा संध्याकाळनंतरची असते. ज्यांना ती वेळ सोयीची नाही, त्यांनी हॅमस्टर आणण्यापूर्वीच हा विचार करावा.

जोडीदाराविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वर उल्लेखिलेल्या रानटी बिळांपैकी एकाही बिळात एकाहून अधिक प्रौढ हॅमस्टर आढळला नाही. सीरियन हॅमस्टर वयात येताच एकमेकांशी भांडतात, आणि बंद पिंजऱ्यात हरलेल्याला पळायला जागा नसल्यामुळे त्या भांडणाचा शेवट गंभीर जखमांत किंवा मृत्यूत होतो. बुटक्या जातींच्या जोड्या काही काळ एकत्र राहताना दिसतात, पण त्याही अचानक बिनसू शकतात. नवख्याने तो धोका पत्करू नये. सीरियन नर-मादी एकत्र ठेवल्यास केवळ सुमारे 16 दिवसांच्या गर्भकाळानंतर पिल्ले होतात, ही अडचण तर आणखी वेगळी.

स्वच्छतेची सूचना चांगल्या हेतूने दिलेली असल्यामुळे ती खोडून काढणे अवघड जाते. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात, बुटक्या जातींच्या पोटावर असते, आणि तिच्या वासाने तो आपली जागा आपली म्हणून ओळखतो. रोज सगळे धुऊन काढणे म्हणजे रोज त्याला परक्या घरी नेऊन सोडणे. ओला झालेला कोपरा तेवढा काढावा, नासणारे ताजे खाणे साठ्यातून उचलावे, आणि एरवी काही आठवड्यांनी बेडिंगचा काही भाग बदलताना बराचसा जुना भाग व घरटे तसेच ठेवावे. नव्या हॅमस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत तर ओला कोपरा वगळता कशालाही हात लावू नये. पाण्याने अंघोळ घातल्यास अंगावरचे नैसर्गिक तेल जाते आणि एवढ्याशा देहाला पटकन थंडी बाधते. त्याऐवजी कोरड्या बारीक वाळूचे भांडे ठेवावे, म्हणजे तो त्यात लोळून स्वतः स्वच्छ होतो. पावडरीसारखी धूळ मात्र नको, कारण ती फुप्फुसात जाते.

राहिली फुंकर. हात झटकन मागे ओढू नये एवढे त्यातले खरे आहे, कारण झटक्याने हॅमस्टर दूर फेकला जाऊ शकतो आणि उंचीचा अंदाज नसलेल्या या प्राण्याला लहानशी पडझडही महागात पडते. म्हणूनच त्याला नेहमी जमिनीवर बसून हाताळावे. परंतु चावणे हा त्याचा शेवटचा इशारा असतो, आणि त्या इशाऱ्याला शिक्षा केली की तो एवढेच शिकतो की हातामागोमाग वादळ येते. हात सावकाश खाली नेऊन त्याला उतरू द्यावे, आणि तो का चावला ते शोधावे: बोटांना खाण्याचा वास होता का, तो झोपेत होता का, आपण त्याला कोपऱ्यात गाठले का.

‘तीन दिवसांत माणसाळवा’ हा मजकूर वाचून ज्यांनी आधीच सर्व काही केले आहे, त्यांचा हॅमस्टर हातचा गेला असे नाही. लपण्याचे घर परत द्यावे, बेडिंग भरपूर वाढवावे आणि किमान आठवडाभर त्याला हातात घेणे पूर्ण थांबवावे. असे केल्यावर तो बहुधा काही दिवस दिसेनासाच होईल, आणि केलेली मेहनत वाया गेली असे वाटून त्याला खणून बाहेर काढण्याचा मोह होईल, तो आवरावा. भांड्यातले दाणे नाहीसे होत आहेत, बेडिंगमध्ये बोगद्याचे तोंड उमटले आहे, रात्री चाकाचा आवाज येतो आहे, म्हणजे तो तेथे रुळतो आहे. त्यानंतर संध्याकाळी तो बाहेर आला की स्वच्छ धुतलेला तळहात पिंजऱ्याच्या तळाशी उताणा ठेवावा आणि त्यावर भोपळ्याची एक बी ठेवावी. पहिले काही दिवस तो मान लांब करून बी उचलेल आणि पळेल. पुढे कधीतरी तो दोन पंजे हातावर ठेवेल, मग चारही, आणि तेव्हाही हात न उचलता तसाच खाली राहू द्यावा.