चिमूटभर ब्लॅक होल आणि सोलापूरची वीज

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: ब्लॅक होलच्या पोटातल्या सिंग्युलॅरिटीत अमर्याद ऊर्जा असते, चिमूटभर ब्लॅक होल यानात बसवलं की यान प्रकाशाच्या वेगाने सुटेल, तेच इथे आणलं तर सोलापूरला हजार वर्षं फुकट वीज, आणि नासाने असं इंजिन बनवलंही आहे, हा घ्या फोटो. विज्ञानकथांत अशी इंजिनं खुशाल असावीत, मी ती चवीने वाचतो. पण कथालेखक 'समजा' म्हणतो, मेसेजवाला 'सिद्ध झालंय' म्हणतो.

आधी सिंग्युलॅरिटीचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ती ऊर्जेची टाकी नव्हे. सापेक्षता सिद्धांताची गणितं जिथे अनंताला जाऊन भिडतात आणि पुढचं काही सांगू शकत नाहीत, त्याला हे नाव आहे. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी 1955 मध्ये मांडलेलं समीकरण हाताशी धरून रॉजर पेनरोज यांनी 1965 मध्ये दाखवलं, की वस्तुमान एका हद्दीपलीकडे आकसलं की हा शेवट टळत नाही. 2020 चं नोबेल त्यासाठीच. न फिरणाऱ्या ब्लॅक होलमध्ये तर गंमत अशी, की घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही ती सीमा, ओलांडलेल्यासाठी सिंग्युलॅरिटी ही जागाच राहत नाही. तो पुढे येणारा क्षण असतो, उद्याची सकाळ टाळता येत नाही तसा. एम87 दीर्घिकेतल्या, साडेसहाशे कोटी सूर्यांएवढ्या ब्लॅक होलमध्येही, ते फिरत नाही असं धरलं तर, हा क्षण यायला फार तर 28 तास लागतील. येणाऱ्या क्षणाला पाइप कुठून जोडणार? आणि जोडला तरी क्षितिजाच्या आतलं बाहेर येत नाही.

मग ब्लॅक होलमधून ऊर्जा मिळतच नाही का? मिळते, भरपूर मिळते, पण ती बाहेरच्या बाजूला. आत पडणारा वायू क्षितिजाबाहेरच इतका तापतो की त्याच्या वस्तुमानाचा सुमारे 6 टक्के, वेगाने फिरणाऱ्या ब्लॅक होलभोवती 42 टक्क्यांपर्यंत भाग ऊर्जा होऊन निसटतो. हायड्रोजनच्या संमीलनात हा आकडा जेमतेम 0.7 टक्के आहे. फिरत्या ब्लॅक होलची गिरकी मंद करून ऊर्जा काढायची युक्तीही पेनरोज यांनीच 1969 मध्ये सुचवली. तीही क्षितिजाबाहेरची.

आता ती चिमूट. हॉकिंग यांच्या 1974 च्या मांडणीनुसार ब्लॅक होल जितकं हलकं तितकं तापट आणि अल्पायुषी. एक ग्रॅमचं ब्लॅक होल डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपेल, आणि जाताना नागासाकीवरच्या बॉम्बएवढी ऊर्जा सोडेल. हजार वर्षं वीज राहू द्या, हजार वर्षं सोलापूर राहील का ते विचारा!

उलट, बेतानेच पेटणारं हवं असेल तर ते जड लागतं. आपल्या सोलापूरच्या एनटीपीसी वीज केंद्राची क्षमता 1320 मेगावॅट. तेवढीच शक्ती देणारं ब्लॅक होल ढोबळ हिशेबात शंभर कोटी टनांहून जड भरेल, आकाराने मात्र अणुकेंद्रकाएवढं. त्याला ठेवणार कशावर? शिवाय त्यातून तारेत सोडता येईल अशी वीज येत नाही. गॅमा किरण येतात, आणि मोठा वाटा न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांचा, जे कुठल्याही भिंतीला जुमानत नाहीत. यानाला लावलं आणि सगळी शक्ती प्रकाश करून मागे फेकली, तरी रेटा येतो साडेचारशे ग्रॅमच्या वजनाइतका. शंभर कोटी टनांना असं वर्षभर ढकलून वेग सेकंदाला एक मिलिमीटरही होत नाही.

हलकं घ्यावं तर? लुई क्रेन आणि शॉन वेस्टमोरलंड या संशोधकांनी 2009 मध्ये हाच हिशेब मांडला होता. सुमारे सहा लाख टनांचं ब्लॅक होल यान खरोखर पळवू शकेल, पण त्याचं आयुष्य साडेतीन वर्षांचं. आणि ते घडवायला लागणारे गॅमा किरणांचे लेसर आज कुणाकडे नाहीत. हा कागदावरचा विचार आहे, चांगला विचार आहे, इंजिन नव्हे.

राहिला फोटो. नारिंगी कडं आणि मधे काळोख, तो एम87 च्या ब्लॅक होलचा. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने घेतलेला, 10 एप्रिल 2019 रोजी जाहीर झालेला. नारिंगी रंग नंतर दिलेला आहे, आणि ते 'इंजिन' इथून साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे.