बाबांचं लिव्हर आणि आईच्या डब्यातली गोळी

आईच्या औषधांच्या डब्यात डायझेपाम या झोप आणणाऱ्या गोळीची स्ट्रिप होती, ५ मिलिग्रॅमची. बाबांना झोप येईना, त्यांची तळमळ बघवेना, म्हणून त्यातली एक गोळी मीच त्यांना दिली. आईला चालते, मग बाबांना काय होणार आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते उठले नाहीत. उठले तेव्हा मला आत्याच्या नावानं हाक मारली. शर्टाची बटणं खालीवर लावली होती. डॉक्टरांनी हात पुढे करून पंजे वर वळवायला सांगितले, तर दोन्ही पंजे फडफडत खाली पडत होते. बाबांना सिरॉसिस आहे, म्हणजे त्यांचं लिव्हर वणांनी कडक झालंय, हे मला माहीत होतं. गोळीचा आणि लिव्हरचा संबंध मात्र माहीत नव्हता.

निरोगी माणसाच्या रक्तातलं डायझेपाम निम्मं व्हायलाही एक-दोन दिवस लागतात. सिरॉसिसमध्ये ते मोडणाऱ्या पेशीच कमी उरतात, त्यामुळे हा वेळ दुपटीच्या घरात जातो. त्यात लिव्हर अमोनिया साफ करू शकत नाही, म्हणून मेंदू आधीच हळवा झालेला. काही औषधांचं तर आणखी वेगळं आहे. आतड्यातून शोषलेलं औषध आधी लिव्हरमध्ये जातं, तिथं त्याचा बराचसा भाग मोडतो, आणि उरलेल्याचा हिशेब धरून डोस ठरतो. वणांनी कडक झालेल्या लिव्हरला वळसा घालून रक्त आडवाटेनं निघून जातं, आणि तेवढ्याच गोळीतलं कितीतरी जास्त औषध अंगात उतरतं. बाबांना अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी प्रोप्रॅनोलॉल हे नाडी मंद करणारं औषध दिलं, ते याच कारणानं अगदी थोड्यापासून सुरू केलं आणि नाडी बघत वाढवलं.

किडनीचं बरं असतं, रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून डोसचा अंदाज बांधता येतो. लिव्हरसाठी असा एक आकडा नाही. लिव्हरच्या रक्ततपासणीतलं बाबांचं एसजीपीटी जवळपास नॉर्मल होतं आणि आम्ही त्यावर निर्धास्त होतो. पण पेशींना इजा किती होतेय ते त्यावरून कळतं, उरलेल्या पेशी काम किती करतात ते नाही. त्यासाठी बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), पोटातलं पाणी आणि गुंगी हे सगळं एकत्र बघावं लागतं.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे उलटाच समज आहे. पॅरासिटामॉलला घाबरून लोक डायक्लोफिनॅक घेतात. सिरॉसिसमध्ये त्यानं किडनी बसू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, साधारणपणे दिवसाला २ ग्रॅमच्या आत चालतं. म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, बस्स. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच धरायचं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते दुसरंच. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्यांचं सिरॉसिस डायबेटिस आणि फॅटी लिव्हरमधून झालं. तरी 'लिव्हर' म्हटलं की समोरच्याची नजर बदलते, म्हणून ते सांगायचंच टाळायचे. केमिस्टलाही नाही, डेंटिस्टलाही नाही. आणि पिणाऱ्या माणसानं तरी का लपवावं? डोस त्यालाही तितकाच चुकतो.

आता बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: मला लिव्हर सिरॉसिस आहे, मी ही-ही औषधं घेतो. परवा दाढ दुखली, तर खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी स्वतःच ती चिठ्ठी काढून डेंटिस्टच्या हातात दिली.