ढोल पथक आणि टाइप वन मधुमेह: काकांच्या आक्षेपाला उत्तर

काका, ‘साखर ताब्यात नसताना १४ वर्षांच्या पोरीला ढोल पथकात पाठवा म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे, आधी जीव मग हौस,’ असं तुम्ही लिहिलंत. काळजी रास्त आहे, पण टाइप वन मधुमेह आहे (म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं) म्हणून तिला घरी बसवणं मला पटत नाही.

या वयात साखर बिघडण्याचं मोठं कारण शरीरातच असतं. वयात येताना वाढीच्या हार्मोनमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. काहींना दिवसाला वजनाच्या किलोमागे १ युनिटहून जास्त इन्सुलिन लागतं. त्यात ‘हे नको, ते नको’ वाढलं की मुलं चारचौघांत इंजेक्शन टाळतात, वहीत खोटे आकडे लिहितात. मग साखर खरोखर हाताबाहेर जाते.

नदीपात्रातल्या सरावाआधी हात धुऊन साखर तपासायची. बोटाला प्रसाद लागला असेल तर आकडा उगाच वाढीव येतो. ९० च्या (मि.ग्रॅ./डेसिलिटर) खाली असेल तर १० ते २० ग्रॅम कार्बोहायड्रेट खाऊन मगच ढोल बांधायचा. २७० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) तपासा; वाढलेले दिसले तर त्या दिवशी ढोल नाही, आधी उपचार. पुढे दर अर्ध्या तासाने तपासणी, अंगावर साखर मोजणारा सेन्सर असला तरी घड्याळ लावूनच, कारण त्या दणदणाटात अलार्म ऐकू येत नाही. सेन्सर दंडावर बरा, पोटावर ढोल घासतो.

७० च्या खाली गेली तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मोदक-पेढा नको, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे पथकातल्या दोघा-तिघांना तरी ठाऊक हवंच.

मला जास्त भीती वाटते ती सरावानंतरच्या रात्रीची. दमलेले स्नायू आपला साठा भरायला रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे पहाटेपर्यंत ती घसरू शकते. झोपताना आणि रात्री २-३ वाजता तपासा. रात्रीचं बेसल इन्सुलिन (जेवणाशी संबंध नसलेलं, संथपणे काम करत राहणारं) किती कमी करायचं, हे सराव सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पथकं तासन्‌तास खोळंबतात, जेवणाची वेळ हुकते. म्हणून जेवणाचं इन्सुलिन आधी घेऊन ठेवायचं नाही, पान समोर आल्यावरच घ्यायचं. बेसल मात्र चुकवायचं नाही.